धर्मस्वातंत्र्य, राजसत्ता आणि आपले मंडळ

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात मौदा येथे दिलेले व्याख्यान)



संमेलनाच्या व्यासपीठावरून व्याख्यात्याने समाजाच्या थोरवीचे चार शब्द बोलावेत, गुणवंत विद्यार्थ्यांची पाठ थोपटावी आणि दात्यांचे आभार मानून खाली बसावे, असा आपल्याकडील प्रघात आहे. या वर्षी मात्र कार्यकारिणीने मजकडे निराळे काम सोपविले. मंडळाची जुनी नियमावली दुरुस्त करावयाची आहे आणि त्या निमित्ताने सभासदांत दोन प्रश्नांवरून बराच खल झाला आहे. पहिला प्रश्न असा की, देऊळ आमचे, भवन आमचे, वर्गणी आमची. मग हिशेब मागणारे सरकार कोण? दुसरा प्रश्न असा की, समाजाची रीत मोडणाऱ्या घराला समाजाने दूर ठेवले, तर त्यात कायद्याने का पडावे? हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत. ते केवळ आपल्याच मनात आले आहेत असेही नाही. स्वातंत्र्यानंतर अनेक धर्मांच्या आणि पंथांच्या लोकांनी हेच प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले. वकिलीचा व्यवसाय करणाऱ्या माझ्यासारख्याने त्या निकालांचा सारांश आपणांपुढे ठेवावा आणि निर्णय आपण घ्यावा, एवढाच या व्याख्यानाचा हेतू आहे.

प्रथम घटनेत काय लिहिले आहे ते पाहू. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या आपल्या राज्यघटनेची २५ आणि २६ ही कलमे धर्मस्वातंत्र्याची होत. २५ वे कलम व्यक्तीसाठी आहे. प्रत्येकास सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आहे. आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रचार करण्याचा हक्क आहे. परंतु हे कलम मर्यादेच्या शब्दांनीच सुरू होते, याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि इतर मूलभूत हक्क यांच्या अधीन राहूनच तो हक्क मिळतो. शिवाय धर्माशी निगडित असलेल्या आर्थिक किंवा ऐहिक व्यवहारांचे नियमन करण्यास, तसेच समाजसुधारणेसाठी कायदा करण्यास राज्यसंस्थेला मोकळीक ठेवली आहे. २६ वे कलम संप्रदायासाठी आहे. धर्माच्या बाबतीत आपला कारभार आपण पाहावा, संस्था स्थापाव्या, मालमत्ता बाळगावी, हे हक्क त्यात आले आहेत. मात्र मालमत्तेचा कारभार 'कायद्यानुसार' करावयाचा आहे. धर्मविषयक कारभाराला हा शब्द लावलेला नाही, मालमत्तेला लावला आहे. पुढील सत्तर वर्षांतील पुष्कळसे वाद या एका शब्दाभोवती फिरले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू.

इंग्रजी अमलात १८६३ च्या कायद्याने सरकारने देवस्थानांच्या कारभारातून बरेचसे अंग काढून घेतले होते. परिणामी कित्येक ठिकाणी देवाची मालमत्ता व्यवस्थापकाची खाजगी मिळकत होऊन बसली. तो घोटाळा निस्तरण्यासाठी त्या वेळच्या मुंबई राज्याने १९५० साली सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायदा केला. राज्यपुनर्रचनेनंतर तो आपल्या विदर्भालाही लागू झाला आणि आज तो महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम या नावाने ओळखला जातो. या कायद्याला प्रथम आव्हान दिले ते एका जैन मंदिराच्या व्यवस्थापकाने आणि मुंबईच्या पारशी पंचायतीच्या विश्वस्तांनी. देवळाचा जैन व्यवस्थापक आणि अग्निपूजक पारशी विश्वस्त एकाच प्रश्नासाठी न्यायालयात उभे राहिले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. धर्म निराळे असले, तरी गाऱ्हाणे एकच होते.

सर्वोच्च न्यायालयाने १९५४ च्या मार्च महिन्यात दोन दिवसांच्या अंतराने दोन निकाल दिले. पहिला निकाल उडुपीच्या शिरूर मठाचा. मठाचे स्वामी मद्रासच्या धर्मादाय कायद्याविरुद्ध लढत होते. न्यायमूर्ती बिजनकुमार मुखर्जी यांनी त्यात असे तत्त्व सांगितले की, एखाद्या धर्माचा आवश्यक भाग कोणता, हे त्या धर्माच्याच सिद्धांतांवरून ठरवावे लागते. देवाला नैवेद्य केव्हा दाखवावा, पूजा कोणत्या विधीने करावी, यासाठी पैसा खर्च होतो. म्हणून काही तो ऐहिक व्यवहार ठरत नाही. दुसरा निकाल मुंबईच्या कायद्याचा, म्हणजे रतिलाल पानाचंद गांधी यांच्या खटल्याचा. त्यात न्यायालयाने नोंदणी, हिशेब आणि तपासणी यांच्या बऱ्याचशा तरतुदी वैध ठरविल्या. मात्र धर्मादाय आयुक्तालाच धार्मिक संस्थेचा विश्वस्त नेमण्याची तरतूद रद्द केली. एका धार्मिक हेतूसाठी दिलेला पैसा दात्याच्या इच्छेविरुद्ध दुसऱ्याच कामाकडे वळविण्याचा अधिकारही न्यायालयाने मान्य केला नाही.

यातला विवेक लक्षात घ्यावा. सरकारने देवळाच्या तिजोरीचा हिशेब मागावा; त्यास हरकत नाही. परंतु सरकारने पुजाऱ्याच्या आसनावर बसू नये. न्यायालयाने दोघांनाही आपापली जागा दाखवून दिली. सरकार म्हणेल ते सर्व ग्राह्य धरले गेले नाही आणि विश्वस्त म्हणतील तेही सर्व ग्राह्य धरले गेले नाही. कायद्याच्या नावाने कपाळाला आठ्या घालणाऱ्या आपल्या काही मंडळींनी हा निकाल अवश्य समजून घ्यावा. न्यायालयाने राखलेली सीमा आपल्याही संरक्षणाची आहे.

महाराष्ट्राच्या अंतःकरणाला भिडणारे उदाहरण पंढरपूरचे आहे. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये प्राणांतिक उपोषण केले, तेव्हा विठ्ठलाच्या मंदिराचे दरवाजे अस्पृश्य मानलेल्या बांधवांना उघडले. दार उघडले, तरी आतील कारभार मात्र वंशपरंपरेने बडवे आणि उत्पात मंडळींकडे राहिला. यात्रेकरूंच्या तक्रारी वाढल्या, नाडकर्णी आयोग नेमला गेला आणि १९७३ साली पंढरपूर मंदिरे अधिनियम झाला. त्याने वंशपरंपरागत हक्क संपुष्टात आणले. त्याविरुद्धचा न्यायालयीन लढा सुमारे चार दशके चालला. अखेर जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडवे मंडळींची मागणी फेटाळली. विठ्ठलाची पूजा थांबली नाही. काकड आरती, वारी, एकादशी सर्व यथासांग चालू राहिले. बदलला तो केवळ दक्षिणापेटीवरील हक्क. पूजा ही धर्माची बाब आणि पेटीवरील मालकी ही व्यवहाराची बाब, हा १९५४ चा सिद्धांत चंद्रभागेच्या वाळवंटात असा प्रत्यक्षात उतरला. शासकीय समितीचा कारभार निर्दोष असतो, असे मात्र मी म्हणणार नाही. खुर्ची सरकारी झाली म्हणून माणूस आपोआप सचोटीचा होत नाही. परंतु सार्वजनिक समितीला जाब विचारता येतो, वंशपरंपरेला तो विचारता येत नाही, एवढा फरक खचित आहे.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, आपल्या देवळातील पूजाअर्चा आपली आहे. तीत आयुक्तांचे कार्यालय हात घालणार नाही. पण वर्गणीचा पैसा वर्गणीदारांचा आहे. तो दहा पदाधिकाऱ्यांचा नव्हे आणि म्हणूनच त्याचा हिशेब समाजाबाहेरच्या तटस्थ नजरेने तपासला जावा, यात कमीपणा कसला? उलट प्रामाणिक पदाधिकाऱ्याला तपासलेल्या हिशेबाइतके मोठे प्रशस्तिपत्र दुसरे नाही.

बंधुभगिनींनो, दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. पहिल्यात समाज आणि सरकार समोरासमोर उभे होते. दुसऱ्यात समाज आणि त्याच समाजातील एखादे एकटे घर समोरासमोर उभे असते.

ज्ञातिसंस्थेच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद खटला दक्षिण कानड्यातील मुल्की येथील वेंकटरमण देवस्थानाचा होय. हे देवस्थान गौड सारस्वत ब्राह्मणांचे. मद्रास सरकारच्या मंदिरप्रवेशाच्या कायद्याने ते सर्व हिंदूंना खुले झाले, तेव्हा विश्वस्तांनी म्हटले की आमचा संप्रदाय आहे, कोणाला आत घ्यावे हे आम्ही ठरवू. नोव्हेंबर १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. देवस्थान संप्रदायाचे आहे आणि प्रवेशाचा प्रश्न धर्माचा आहे, हे न्यायालयाने मान्य केले. तथापि सार्वजनिक स्वरूपाची हिंदू मंदिरे सर्वांना खुली करण्याची घटनेतील तरतूद संप्रदायाच्या हक्काहून वरचढ आहे, असे ठरविले. काही विशिष्ट विधींच्या वेळी केवळ आपल्याच मंडळींनी उपस्थित राहावे, एवढी सवलत संप्रदायाला ठेवली. एका ज्ञातीने देऊळ बांधले, सांभाळले, वाढविले, म्हणून तिला मान मिळाला. परंतु देवाच्या दारात दुसऱ्याला अडविण्याचा अधिकार मिळाला नाही.

त्याआधी १९५१ साली मुंबई उच्च न्यायालयात द्विभार्याप्रतिबंधक कायद्याचा वाद झाला होता. मुख्य न्यायमूर्ती छागला आणि साताऱ्यात जन्मलेले न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांच्यापुढे तो चालला. पुत्रप्राप्तीसाठी दुसरे लग्न हा हिंदूंचा धर्म आहे, असा युक्तिवाद होता. न्यायमूर्ती छागला यांनी श्रद्धा आणि आचार यांत भेद केला. श्रद्धेला संरक्षण आहे. पण आचार हा सुव्यवस्था, नीती, आरोग्य किंवा समाजकल्याण यांच्या आड आला, तर त्याने वाट सोडली पाहिजे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. आज आपल्यापैकी कोणी दुसऱ्या लग्नाला धर्म म्हणत नाही. तीन पिढ्यांपूर्वी म्हणत होते. काल ज्याला धर्म म्हटले, ते सर्व धर्मच होते असे नव्हे, हा यातला धडा.

आता बहिष्काराच्या मूळ मुद्द्याला येऊ. मुंबई राज्याने १९४९ साली बहिष्कृतीला बंदी करणारा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाचे प्रमुख सय्यदना ताहेर सैफुद्दीन साहेब यांनी त्यास आव्हान दिले. ९ जानेवारी १९६२ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने तो कायदा रद्द ठरविला. धर्माच्या मूलतत्त्वांविरुद्ध वागणाऱ्यास संप्रदायाबाहेर काढणे ही संप्रदायाच्या धर्मविषयक कारभाराची बाब आहे, असे बहुमताचे म्हणणे. या बहुमतात नागपूरच्या उच्च न्यायालयात पूर्वी न्यायाधीश राहिलेले न्यायमूर्ती मुधोळकरही होते. मुख्य न्यायमूर्ती सिन्हा यांनी मात्र विरुद्ध मत नोंदविले. बहिष्कृत माणसाची दफनभूमी जाते, मालमत्तेवरील हक्क जातात, माणूस म्हणून असलेली प्रतिष्ठा जाते. ही केवळ धर्माची बाब राहत नाही, ती नागरिकत्वाची बाब होते आणि अस्पृश्यतानिवारणाप्रमाणेच हीही समाजसुधारणा आहे, असा त्यांचा विचार होता.

तो एकाकी विचार हळूहळू बळावत गेला. १९६२ च्या निकालाचा फेरविचार व्हावा, म्हणून त्याच बोहरा समाजातील सुधारक मंडळींनी १९८६ साली अर्ज केला. फेब्रुवारी २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने हा प्रश्न नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपविला. साठ वर्षांपूर्वीचे बहुमत पुन्हा तपासण्याजोगे आहे, असे सर्वोच्च न्यायालयालाच वाटले, हे येथे महत्त्वाचे.

दरम्यान महाराष्ट्राने आपला मार्ग निवडला. रायगडपासून नाशिकपर्यंत जातपंचायतींनी वाळीत टाकलेल्या कुटुंबांच्या हकिगती पुढे आल्या. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नावर चळवळ केली. एप्रिल २०१६ मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींना संरक्षण देणारा कायदा संमत केला आणि जुलै २०१७ पासून तो अमलात आला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. या कायद्यातील जातपंचायतीची व्याख्या आपण लक्षपूर्वक ऐकावी. समाजातील लोकांनी स्थापलेली, सभासदांच्या वैयक्तिक व सामाजिक वागणुकीवर नियंत्रण ठेवणारी किंवा तोंडी वा लेखी हुकूम काढून त्यांचे तंटे सोडविणारी कोणतीही समिती, मग ती नोंदलेली असो वा नसो, त्या व्याख्येत येते. आपले मंडळ नोंदणीकृत आहे, सुशिक्षितांचे आहे, दरवर्षी स्मरणिका काढते, म्हणून ते आपोआप या व्याख्येबाहेर राहत नाही. लग्नकार्य किंवा अंत्यविधी यांत अडथळा आणणे, समाजभवन नाकारणे, संबंध तोडावयास लावणे, समाजातून काढून टाकणे, या सर्व गोष्टी या कायद्याने बहिष्कारात मोडतात.

येथे मला माझ्या वकिलीच्या काळातील एक हकिगत सांगावीशी वाटते. गावाचे आणि समाजाचे नाव सांगत नाही. सांगण्याचे कारणही नाही. एका म्हाताऱ्या गृहस्थाच्या मुलाने जातीबाहेर लग्न केले. पंचांनी त्या घराशी बोलणे बंद केले. म्हातारा वारला, तेव्हा त्याने ज्यांच्या ज्यांच्या तिरडीला आयुष्यभर खांदा दिला होता, त्यांतले कोणी घराबाहेर पडले नाही. मुलगा आणि दुसऱ्या समाजाचे तिघे शेजारी, अशा चौघांनी प्रेत नदीवर नेले. पुढे तो मुलगा मजकडे सल्ला विचारण्यास आला. शिक्षा कोणाला किती होईल, हे त्याने एकदाही विचारले नाही. "माझ्या बापाचा गुन्हा काय होता?" एवढेच त्याने विचारले. या प्रश्नाला कोणत्याही पोथीत उत्तर नाही आणि कोणत्याही नियमावलीत नाही.

आपली नियमावली ज्यांनी लिहिली, ती माणसे थोर होती. त्या काळी शिक्षण नव्हते, पोलीस ठाणे दूर होते, न्यायालयाचा खर्च परवडत नव्हता. नवऱ्याने टाकलेल्या स्त्रीला पोटगी मिळवून देणे, भावाभावांची वाटणी करणे, ही कामे पंचच करीत. पंचांचा शब्द मानला जावा, म्हणून बहिष्काराचे शस्त्र त्यांनी हाती ठेवले. त्यांच्या हेतूबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. परंतु हेतू संपला आणि शस्त्र तेवढे उरले, की ते दुबळ्यावरच चालते. श्रीमंताला कोणी वाळीत टाकल्याचे आपण ऐकले आहे काय?

नागपूरच्या भूमीला तर विवेकस्वातंत्र्याचा फार मोठा इतिहास आहे. नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश डॉ. भवानीशंकर नियोगी यांची १९५४ साली, नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी असताना, ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करण्यासाठी नेमणूक झाली. १९५६ च्या त्यांच्या अहवालावर तेव्हा देशभर वाद झाला. पुढे १९६८ साली मध्य प्रदेशाने बळजबरीच्या, फसवणुकीच्या व प्रलोभनाच्या धर्मांतराविरुद्ध कायदा केला आणि तो १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरविला. पण त्याच नियोगींनी १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या सोहळ्यात, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धर्म स्वीकारला त्या वेळी, स्वतःही तो धर्म स्वीकारला. एकाच माणसाच्या आयुष्यात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू दिसतात. दुसऱ्याच्या बुद्धीवर दडपण आणू नये आणि स्वतःच्या बुद्धीला पटेल ते निर्भयपणे करावे. हीच दोन तत्त्वे आपल्या मंडळालाही लागू पडतात.

काही ज्येष्ठ मंडळी विचारतील की, मग समाजाला शिस्त राहणार कशी? मी त्यांना आपल्या मौद्याकडेच पाहावयास सांगेन. येथे परमात्मा एक सेवकांचा आश्रम आहे. बाबा जुमदेवजींच्या शिकवणीने व्यसने आणि अंधश्रद्धा सोडलेली घरे कन्हानच्या दोन्ही तीरांवर आपल्या परिचयाची आहेत. एखाद्या माणसाने दारू सोडली, ती सत्तेच्या हुकुमाने नव्हे. मनाला पटले म्हणून सोडली. मनाला पटलेली शिस्त टिकते आणि भयाने पाळलेली शिस्त पंचांची पाठ वळताच मोडते. कोणाच्या घरी जेवावयास जावे, हे ज्याचे त्याने ठरवावे; त्याला कायदा काही म्हणत नाही. समजूत घालण्यास, मतभेद व्यक्त करण्यासही कायद्याची आडकाठी नाही. परंतु "त्या घरी कोणी जाऊ नये" असा ठराव मंडळाने केला, की तेथे गुन्हा घडतो.

जाता जाता उत्सवांविषयी एक शब्द. ध्वनिवर्धकाशिवाय प्रार्थना पूर्ण होत नाही, असे कोणताही धर्म सांगत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली एका चर्चच्या खटल्यात सांगितले आणि जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ध्वनिवर्धक हा धर्माचा आवश्यक भाग नाही, असे पुन्हा बजावले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा सर्व धर्मांना सारखीच आहे. शेजारच्या घरातील आजारी माणूस आणि परीक्षेचा विद्यार्थी यांचाही विचार आपल्या मिरवणुकीने करावा.

शेवटी नियमावलीविषयी माझ्या चार सूचना आहेत. पहिली, बहिष्काराचे आणि सामाजिक दंडाचे कलम समूळ काढून टाकावे. ते निष्प्रभ म्हणून कागदावरही ठेवू नये. दुसरी, समाजभवन विवाह, अंत्यविधी व इतर कार्यांसाठी प्रत्येक घराला समान दराने मिळावे. कोणी कोणाशी विवाह केला, याची विचारणा अर्जात नसावी. तिसरी, तंटे मिटविण्याचे काम मंडळाने सोडू नये, पण ते दोन्ही पक्षांच्या राजीखुशीने व्हावे. ज्याला न्यायालयात जावयाचे असेल, त्याची वाट कोणी अडवू नये. चौथी, वार्षिक हिशेब तपासून सभासदांपुढे ठेवावा, पदाधिकारी बदलल्यावर त्याची नोंद ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात करावी आणि धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वसंमतीवाचून स्थावर मालमत्तेची विक्री करू नये.

या सूचना स्वीकारल्याने समाज दुबळा होईल, ही भीती मनातून काढून टाकावी. मंडळे जन्माला आली ती निराधार विद्यार्थ्याला वसतिगृह मिळावे, विधवेला आधार मिळावा, अडल्यानडल्याला हात मिळावा म्हणून. ज्या संस्थेचा हात मदतीसाठी पुढे येतो, तिच्याजवळ माणसे आपण होऊन येतात. घटनेने आपल्याला देवाच्या पूजेचे स्वातंत्र्य दिले आहे. तेच स्वातंत्र्य तिने आपल्यातील सर्वांत एकाकी माणसालाही दिले आहे. आपल्या स्वातंत्र्यासाठी आपण न्यायालयाचे दार ठोठावतो. त्या एकाकी माणसाला आपल्याविरुद्ध ते ठोठावण्याची पाळी येऊ नये, एवढी खबरदारी आपण घ्यावी.

 नियमावलीचा प्रस्ताव सर्वसाधारण सभेपुढे येईल, तेव्हा प्रत्येक सभासदाने, विशेषतः भगिनींनी व तरुणांनी, आपले मत निःसंकोचपणे मांडावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.